१४. विक्रोळीच्या बाईंचा मुलगा
जिमी कार्टर (१ ऑक्टोबर १९२४ – २९ डिसेंबर २०२४), अमेरिकेचे ३९वे राष्ट्राध्यक्ष (१९७७–८१). जॉर्जिया राज्यातील प्लेन्स या खेड्यात जन्म. आधी नौदलात, मग भुईमुगाच्या शेतीव्यवसायात, पुढे राज्याचे गव्हर्नर. शीर्षकातल्या 'बाई' म्हणजे त्यांच्या आई लिलियन (१८९८–१९८३). पेशाने परिचारिका असलेल्या लिलियन पीस कोअर या अमेरिकी स्वयंसेवक योजनेतून १९६६ साली, वयाच्या ६८व्या वर्षी, मुंबईत आल्या. विक्रोळीच्या गोदरेज वसाहतीत सुमारे दोन वर्षे राहून त्यांनी तिथल्या दवाखान्यात गोरगरिबांची, कुष्ठरुग्णांचीही शुश्रूषा केली.

इजिप्त व इस्रायल यांच्यातील कॅम्प डेव्हिड समझोता (१९७८) हे कार्टर यांच्या कारकिर्दीचे मोठे यश. इराणमधील ओलीस प्रकरण त्यांना भोवले आणि १९८०च्या निवडणुकीत रेगन यांनी त्यांचा पराभव केला. त्यांचे खरे मोठेपण मात्र पद गेल्यानंतरचे. पत्नी रोझलिन यांच्यासह त्यांनी १९८२ साली कार्टर सेंटर स्थापन केले आणि नारूच्या निर्मूलनाला वाहून घेतले. दूषित पाण्यातून होणारा हा रोग महाराष्ट्रातही होता; भारत २००० साली नारूमुक्त ठरला. जगातील रुग्णसंख्या १९८६मधील सुमारे ३५ लाखांवरून २०२३मध्ये १४ वर आली. २००२चे शांततेचे नोबेल पारितोषिक त्यांना मिळाले. २००६ साली, वयाच्या ८२व्या वर्षी, लोणावळ्याजवळ गरीब कुटुंबांसाठी घरे बांधणाऱ्या स्वयंसेवकांत तेही राबत होते.