कुंपण, शेळी आणि निळे जावईबापू

परवा शेजारची शेळी आमच्या परसातलं गवत फस्त करून गेली. मी तावातावानं तारेचं भेंडोळं घेऊन आलो. ‘निसर्ग राखलाच पाहिजे!’ अशी घोषणाही केली. सौभाग्यवती शांतपणे म्हणाल्या, ‘मग शेळी काय कारखान्यात तयार झाली?’

हाच प्रश्न इंग्रजांना वेळेवर सुचला नाही, म्हणून ही हकिकत.

इंग्लंडातल्या उन्हाळी कुरणांवर ‘लार्ज ब्लू’ नावाचं निळं फुलपाखरू असे. त्याचं सुरवंट तीनेक आठवडे रानथाइमची फुलं खाऊन सालसपणे राहतं. मग जमिनीवर पडून वाट बघतं. अंगाचा वास असा, की तांबड्या मुंगीला वाटावं, आपलंच पोर हरवलंय! ती त्याला उचलून घरी नेते. तिथं हे जावईबापू दहा महिने मुक्काम ठोकतात, राणीसारखा आवाज काढून बडदास्त ठेवून घेतात आणि यजमानांचीच पोरं खातात. हे वाचल्यापासून मे महिन्यात येणारे आमचे पाहुणे मला फार सज्जन वाटू लागलेत.

फुलपाखरू कमी होऊ लागलं, तेव्हा ठपका जाळी घेऊन हिंडणाऱ्या संग्राहकांवर आला. १९३० च्या दशकात एका कुरणाला त्यांच्यासाठी कुंपण घातलं. संग्राहक बाहेर राहिले, पण चरणारी गुरंही बाहेर राहिली. गवत माजलं आणि फुलपाखरू गेलं! पुढं १९५३ मध्ये सशांचा मिक्सोमॅटोसिस रोग आला. ससे पटापट मेले आणि इतर कुरणांतही गवत वाढलं.

जेरेमी थॉमस या शास्त्रज्ञानं १९७२ पासून कुरणात ठाण मांडून कोडं सोडवलं. हे सुरवंट नीट पोसते ती मुख्यतः एकाच जातीची तांबडी मुंगी, आणि तिला उन्हानं तापलेली जमीन लागते. गवत थोडं उंच झालं, की सावलीनं जमीन गारठते आणि ती मुंगी नाहीशी होते. पण उत्तर हाती येईतो उशीर झाला होता. १९७९ मध्ये हे फुलपाखरू ब्रिटनमधून नामशेष झालं.

मग १९८० च्या दशकात स्वीडनमधून नवे जावई आणले, कुरणात पुन्हा गुरं सोडली, आणि आज ते तिथं उन्हाळ्यात पुन्हा उडतात.

मी भेंडोळं माळ्यावर टाकलं. शेळी आता राजरोस येते. फुलपाखरू अजून आलेलं नाही. सौभाग्यवतींची जास्वंद मात्र गेली. आता कुंपण हवं, असं त्यांचंच म्हणणं आहे.