निवड रिपॉझिटरीची करा

लिनक्सकडे वळणाऱ्याला एक सल्ला हमखास मिळतो: आधी पॅकेज मॅनेजर पारखा, मग डिस्ट्रो ठरवा. पॅकमन झपाट्याने काम उरकतो, एपीटी भरवशाचा, डीएनएफमध्ये केलेला बदल सहज मागे घेता येतो, आणि पुढचा काळ स्नॅप-फ्लॅटपॅकचा. हे फरक खरे आहेत. दिवसभर टर्मिनलवर बसणाऱ्याला ते जाणवतातही. पण त्यांच्यावरून डिस्ट्रो ठरवणे मला साफ अमान्य आहे.

उबुंटू २२.०४ वर एपीटीने फायरफॉक्स इन्स्टॉल करून पाहा. एपीटी एक नाममात्र पॅकेज घेतो आणि ते पॅकेज स्नॅप स्टोअरमधून फायरफॉक्स आणून बसवते. लिनक्स मिंटवर याच कमांडने नेहमीचे डेब पॅकेज मिळते. मॅनेजर एकच, पण काय मिळणार हे रिपॉझिटरी, म्हणजे डिस्ट्रोचे पॅकेजांचे भांडार, सांभाळणाऱ्यांनी ठरवले.

सुरक्षेचेही तेच. मार्च २०२४ मध्ये एक्सझेड या कॉम्प्रेशन सॉफ्टवेअरच्या ५.६.० आणि ५.६.१ या आवृत्त्यांत दडवलेला चोरदरवाजा आंद्रेस फ्रॉइंड यांनी उघडकीला आणला. एसएसएच लॉगिनला सुमारे अर्धा सेकंद जास्त लागतो, एवढ्यावरून त्यांना संशय आला होता. तोवर ते पॅकेज डेबियन या डिस्ट्रोच्या टेस्टिंग शाखेत पोचले होते. तिची स्टेबल शाखा मात्र सुरक्षित राहिली. दोन्हीकडे एपीटीच होता. वाचवले ते नवी आवृत्ती घाईने न घेण्याच्या धोरणाने.

यावर आक्षेप येतो की स्टेबल म्हणजे शिळे सॉफ्टवेअर. आवृत्तीचा आकडा जुना राहतो हे खरे, पण सुरक्षेच्या दुरुस्त्या त्याच आवृत्तीत आणून बसवल्या जातात. एखादे ॲप ताजेच हवे असेल तर फ्लॅटपॅक जरूर घ्यावे. मात्र ते कोणी बांधले हे पाहूनच. २०१८ मध्ये स्नॅप स्टोअरवरच्या एका साध्या खेळात क्रिप्टो मायनर लपवलेला सापडला होता. स्नॅप तो बिनचूक इन्स्टॉल करून देत होता, कारण पॅकेजमागचा हेतू ओळखणे हे कुठल्याच मॅनेजरचे काम नाही.

म्हणून निवडताना प्रश्न तीनच विचारावेत: पॅकेज कोण बांधतो, ते आत घेण्याआधी कोण तपासतो, आणि दुरुस्त्या किती वर्षे मिळणार? पहिल्याचा माग काढणे सोपे आहे. ‘एपीटी पॉलिसी’ पॅकेजची रिपॉझिटरी दाखवते, तर ‘फ्लॅटपॅक इन्फो’ ॲप कुठून आले ते सांगते. उरलेल्या दोन प्रश्नांसाठी डिस्ट्रोचे धोरण वाचावे लागते, आणि वेगाच्या तुलना वाचण्यापेक्षा तो वेळ कितीतरी सत्कारणी लागतो.