वाट आणि वाटाड्या

कर्जतहून मुरबाडकडे जाताना कशेळे लागते. १९४२ साली याच मुलखात भाई कोतवालांच्या आझाद दस्त्याने विजेचे मनोरे पाडून सरकारास हैराण केले होते. रानाचा आडोसा होता; तथापि ठावठिकाणा सरकारास लागला आणि २ जानेवारी १९४३ रोजी सिद्धगडावर कोतवाल व हिराजी पाटील पोलिसांच्या गोळ्यांना बळी पडले.

त्याच काळात मुंबईत उषा मेहता व त्यांचे सहकारी काँग्रेस रेडिओ चालवीत. २७ ऑगस्ट १९४२ पासून ४२.३४ मीटरवर हा आवाज घुमू लागला. पकडले जाऊ नये म्हणून यंत्राची जागा वरचेवर बदलली जाई. १२ नोव्हेंबरला पोलिसांनी छापा घातला, तो मात्र आतल्याच एका तंत्रज्ञाने वाट दाखविल्यावर. जागा लपली, माणूस लपला नाही.

आज हाच प्रश्न इंटरनेटवर नव्या रूपाने उभा आहे. अमेरिकी नौदलाच्या प्रयोगशाळेत गेल्या शतकाच्या अखेरच्या दशकात सुचलेल्या कल्पनेतून २००२ मध्ये टॉर हे जाळे उघड झाले. संदेश कांद्याच्या पापुद्र्यांत गुंडाळून सामान्यतः तीन टप्प्यांतून जातो. पहिला टप्पा पाठविणाऱ्यास ओळखतो, मुक्काम नव्हे. शेवटचा मुक्काम जाणतो, पाठविणारा नव्हे. मधल्यास दोन्ही ठाऊक नसतात. सर्व काही जाणणारा वाटाड्याच येथे नाही.

मग त्याआधी व्हीपीएन जोडल्याने गुप्तता दुप्पट होते काय? आमच्या मते नाही. घरच्या इंटरनेट कंपनीस टॉरचा वापर दिसेनासा होतो खरा. परंतु तेच ज्ञान व्हीपीएनवाल्याच्या हाती जाते. गुप्तता वाढण्याऐवजी विश्वासाचे ठिकाण बदलते. भारतात सर्ट-इनने २८ एप्रिल २०२२ रोजी अशा कंपन्यांना ग्राहकांची नावे, पत्ते आदी माहिती पाच वर्षे जपण्यास फर्माविले, तेव्हा अनेक परदेशी कंपन्यांनी येथील सर्व्हर हलविले. शिवाय स्वतःच्या खात्यात प्रवेश केला की सारे पापुद्रे आपणच सोलून ठेवतो.

२४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनी खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरविला. छळातून सुटू पाहणाऱ्या स्त्रीस वा बातमीदारास माहिती देणाऱ्या नोकरास त्याची किंमत ठाऊक असते. अशांनी आवरणे किती, हे मोजण्यापूर्वी एवढे विचारावे: आपले नाव व आपला मुक्काम, दोन्ही एकाच वेळी कोणास ठाऊक आहेत?