८९ सेंटांची कादंबरी आणि ‘खरेदी करा’चं बटण

‘खरेदी करा’ हे बटण दाबून आपण ई-पुस्तक, गाणं किंवा गेम घेतो. पैसे जातात, पावती येते. पण ती वस्तू आपली होते का? प्रश्न मोबाइलच्या जमान्यातला वाटतो, पण त्याचं मूळ शंभरेक वर्षं जुन्या खटल्यात आहे.

१९०४ साली अमेरिकेत बॉब्ज-मेरिल या प्रकाशन कंपनीने ‘द कास्टअवे’ ही कादंबरी काढली. आतल्या पानावर छापलं होतं की किंमत एक डॉलर, त्याहून स्वस्त विकायचं लायसन्स कुठल्याच दुकानदाराला नाही, विकलंत तर कॉपीराइटचा भंग समजू. न्यूयॉर्कच्या ‘मेसीज’ने ती ८९ सेंटांना विकायला काढली. मालक स्ट्रॉस बंधू. (‘टायटॅनिक’ सिनेमात पाणी शिरत असताना पलंगावर बिलगून पडलेलं म्हातारं जोडपं आठवतंय? ते यातल्या थोरल्या इसिडोर आणि त्यांच्या बायकोवरून घेतलंय.) १ जून १९०८ ला सुप्रीम कोर्टाने सांगितलं की प्रत एकदा विकलीत, पुढे ती कितीला विकायची हे सूचना छापून ठरवता येणार नाही. पुढच्याच वर्षी हे तत्त्व कायद्यात आलं.

आपल्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यातही पुस्तकांच्या बाबतीत, आधीच बाजारात आलेल्या प्रती कलम १४ ने वगळल्या आहेत. फाउंटनच्या फुटपाथवर जुनी कादंबरी विकणारा प्रकाशकाची परवानगी काढत बसत नाही, तो यामुळेच.

पण १९०८ च्या निकालात एक वाक्य जाता जाता येतं, आणि माझ्या मते सगळी गोम तिथेच आहे. कोर्ट म्हणालं, इथे दोन्ही पक्षांत करार किंवा लायसन्सचा प्रश्नच आलेला नाही. म्हणजे ती फट उघडीच राहिली. आज आपण न वाचता ‘मान्य आहे’वर टिचकी मारतो ना, तोच तो करार. जी सूचना कागदावर टिकली नाही, ती स्क्रीनवर टिकली.

याचा झटका जुलै २००९ मध्ये बसला. अॅमेझॉनने लोकांच्या किंडलवरून काही पुस्तकं परस्पर पुसली. पुस्तकं कुठली, तर जॉर्ज ऑर्वेलची ‘१९८४’ आणि ‘अॅनिमल फार्म’! विकणाऱ्याकडे अमेरिकेतले हक्क नव्हते, हे खरं. पैसेही परत दिले. पण कागदी पुस्तक असतं तर दुकानदार रात्री घरात शिरून कपाटातून घेऊन गेला असता का? एका शाळकरी मुलाने त्या पुस्तकावर काढलेली टिपणं निरुपयोगी झाली. तो कोर्टात गेला, आणि अॅमेझॉनला दीड लाख डॉलर देऊन तडजोड करावी लागली. बेझोस यांनी जाहीर माफीही मागितली.

मग वापरलेली गाणी विकायची म्हटलं तर? ‘रीडिजी’ने तो प्रयोग केला. विकणाऱ्याच्या कॉम्प्युटरवरची फाइल पुसली जाईल अशी व्यवस्थाही केली. २०१८ मध्ये अपील कोर्टाने तरीही नाही म्हटलं, कारण फाइल दुसरीकडे गेली की नवी प्रत तयार होते. युरोपच्या कोर्टाने २०१९ मध्ये ई-पुस्तकांबाबत तसाच दरवाजा बंद केला.

१ जानेवारी २०२५ पासून कॅलिफोर्नियात एक कायदा लागू आहे. गिऱ्हाइकाला फक्त लायसन्स मिळत असेल, तर तसं स्पष्ट सांगितल्याशिवाय दुकानाला ‘खरेदी’ हा शब्द वापरता येत नाही. कायमची डाउनलोड करून ठेवता येणारी वस्तू असेल तर ही अट नाही. पाटी खरी झाली, एवढंच. घेतलेलं ई-पुस्तक मित्राला विकायचं म्हटलं, तर तिथल्या गिऱ्हाइकाची अडचण आजही तीच आहे.