माकडतापाचा इतिहास : भीती आणि वस्तुस्थिती

रोगाचे नाव ही केवळ एक खूण नसते. त्या रोगाविषयी माणसांनी केलेला पहिला तर्क त्या नावात साठून राहिलेला असतो. 'मलेरिया' या शब्दाचा मूळ अर्थ 'दूषित हवा' असा आहे. खरा अपराधी डास आहे हे सिद्ध होऊन शतक उलटले, तरी हवेवरचा तो जुना आरोप नावातून काही गेला नाही. 'देवी' या रोगाचे पृथ्वीवरून उच्चाटन झाल्याची घोषणा १९८० साली झाली, तरी आपल्या भाषेत त्या रोगाचे कर्तेपण देवीकडेच राहिले. गोमंतक, सिंधुदुर्ग आणि बेळगाव या सह्याद्रीच्या पट्ट्यात २०१५ नंतर ज्याच्या नावाने लोकांच्या मनात धडकी भरली, तो 'माकडताप' हाही याच जातीचा शब्द होय. कानडी मुलखात त्याला 'मंगन कायिले' म्हणतात, अर्थ तोच. शास्त्रज्ञांनी त्यास 'क्यासनूर जंगलाचा रोग' असे स्थानावरून नाव दिले. यांपैकी एकाही नावात त्या रोगाचा खरा वाहक नाही. तो वाहक कसा सापडला, सापडेपर्यंत आणि सापडल्यानंतरही भीतीने कोणाकोणाकडे बोट दाखविले, आणि त्या भीतीत सत्याचा अंश किती होता, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

हा इतिहास १९५७ च्या प्रारंभी सुरू होतो. तेव्हाच्या म्हैसूर राज्यातील शिमोगा जिल्ह्यात, सागर आणि सोरब या तालुक्यांत, रानालगतच्या खेड्यांतून एक विलक्षण ताप पसरू लागला. एकाएकी भरणारा ताप, कपाळात असह्य ठणका, अंग मोडून येणे, आणि काहींच्या नाकातून व हिरड्यांतून रक्त. प्रथम हा विषमज्वराचाच प्रकार असावा असे वाटले. परंतु खेडूत आणखी एक गोष्ट सांगत होते. रानात माकडे मरून पडत आहेत, असे ते सांगत. ज्या वस्तीत ताप आला तिच्या जवळच्या झाडीत आधी वानर किंवा लाल तोंडाचे माकड मेलेले आढळते, हे त्यांनी पाहिले होते. या साक्षीचे मोल पुढे कळावयाचे होते.

ही वार्ता पुण्यास पोचली तेव्हा तेथील विषाणू संशोधन केंद्रात जी खळबळ उडाली तिला तसेच सबळ कारण होते. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद आणि रॉकफेलर प्रतिष्ठान यांच्या सहकार्याने हे केंद्र १९५२ साली स्थापन झाले होते. पीतज्वर हा आफ्रिकेतील व दक्षिण अमेरिकेतील घातक रोग. अमेरिकेच्या अरण्यांत तो माणसांत येण्यापूर्वी माकडांना मारतो, हे ज्ञात होते. भारतात हा रोग कधीच आलेला नव्हता. परंतु तो पसरविणारा एडीस जातीचा डास येथे गावोगाव होता, माकडे होती, आणि ज्यांच्या रक्तात त्या रोगाविरुद्ध कसलीही प्रतिकारशक्ती नाही अशी कोट्यवधी माणसे होती. तेव्हा 'माकडे मरत आहेत' या तीन शब्दांनी जाणकारांच्या काळजाचा ठोका चुकावा यात नवल नाही. भय हे केवळ अडाण्यांचेच असते, ही समजूत येथे प्रथमच खोटी ठरते. ज्याला अधिक ठाऊक असते त्यालाही अधिक भय वाटू शकते.

केंद्राचे संचालक डॉ. टेलफर्ड वर्क, त्यांचे सहकारी डॉ. हॅरॉल्ड ट्रॅपिडो आणि केंद्रातील भारतीय संशोधक त्या अरण्यात जाऊन पोचले. मृत माकडांच्या व रोग्यांच्या रक्तातून त्यांनी विषाणू वेगळा केला. तो पीतज्वराचा नव्हता. देशाने सुटकेचा निःश्वास टाकावा तोच दुसरे आश्चर्य पुढे उभे राहिले. या विषाणूचे जवळचे नाते निघाले ते सायबेरियाकडील एका मेंदूज्वराच्या विषाणूशी, आणि तो रोग डासांनी नव्हे तर गोचिडींनी पसरत असे. क्यासनूरच्या पाचोळ्यातही त्याच कुळातील गोचिडी हजारोंनी सापडल्या, आणि त्यांच्या अंगात विषाणूही सापडला. पहिल्या हंगामात ४६६ आणि दुसऱ्या हंगामात १८१ रुग्णांची नोंद झाली.

रशियातील त्या मेंदूज्वराचा इतिहास येथे थोडक्यात सांगितला पाहिजे, कारण भय आणि ज्ञान यांचा संबंध त्यात फार विदारक रूपाने दिसतो. १९३७ साली लेव्ह झिल्बर या शास्त्रज्ञाच्या नेतृत्वाखाली एक पथक सोव्हिएत अतिपूर्वेच्या जंगलात गेले आणि अवघ्या काही महिन्यांत त्याने विषाणू व त्याचा वाहक गोचीड या दोहोंचाही शोध लावला. मॉस्कोस परतल्यावर झिल्बर यांच्या वाट्यास सन्मानाऐवजी कारावास आला; त्यांनी राजधानीत हा रोग फैलावण्याचा कट केला असा त्यांच्यावर आरोप होता. रोगाचा मार्ग दाखविणारा माणूसच रोग आणणारा ठरला! घाबरलेल्या समाजास कारण नको असते; त्यास अपराधी हवा असतो.

क्यासनूरच्या बाबतीतही अपराध्याचा शोध याच वाटेने गेला. सायबेरियातील विषाणूचा सोयरा म्हैसूरच्या रानात आला कसा, असा प्रश्न निघाला, आणि दृष्टी आकाशाकडे वळली. दर हिवाळ्यात उत्तरेकडून लक्षावधी पक्षी भारतात उतरतात. त्यांच्या अंगावर चिकटलेल्या गोचिडींबरोबर हा रोग आला असावा, हा तर्क सुबक होता आणि तपासून पाहण्याजोगाही होता. जागतिक आरोग्य संघटनेच्या साहाय्याने मुंबईच्या निसर्ग इतिहास संस्थेने डॉ. सालिम अली यांच्या मार्गदर्शनाखाली पक्ष्यांच्या पायांत वाळे अडकविण्याचे व त्यांच्या अंगावरील गोचिडी गोळा करण्याचे मोठे काम हाती घेतले. पक्ष्यांच्या प्रवासाविषयी त्यातून अमोल माहिती मिळाली. परंतु क्यासनूरचा रोग पक्ष्यांनी आणला, याचा पुरावा मिळाला नाही.

तथापि या प्रकरणाचा शेवट येथे झाला नाही. या पक्षिसंशोधनास पुढे अमेरिकन सैन्याच्या एका विभागाकडून पैसा मिळू लागला होता. १९७४ साली ही गोष्ट वृत्तपत्रांतून गाजली. पक्ष्यांच्या मार्गे रोगजंतूंचे युद्ध खेळण्याची ही पूर्वतयारी तर नव्हे, अशी शंका उघड बोलली जाऊ लागली, आणि १९७५ साली संसदेच्या लोकलेखा समितीने परकीय सहकार्याने चाललेल्या अशा अनेक संशोधनांवर कठोर शब्दांत टीका केली. पक्ष्यांकरवी रोग पसरविल्याचा आरोप सिद्ध झाला नाही. परंतु परक्या सैन्याचा पैसा कोणत्या हेतूने व कोणत्या अटींवर येतो, हे लोकप्रतिनिधींनी विचारणे गैर होते असेही म्हणता येणार नाही. ज्या संशोधनाचा हिशेब जनतेपुढे वेळीच मांडला जात नाही, त्याच्या भोवती संशय वाढतो. आणि मग सत्य सांगितले तरी ते ऐकले जात नाही. हा धडा त्या काळापुरता नाही.

आता वस्तुस्थिती पाहू. या रोगाचा विषाणू रानातील उंदीर, चिचुंदऱ्या यांसारखे लहान प्राणी आणि गोचिडी यांच्यामध्ये फिरत असतो. 'हेमाफायसॅलिस स्पिनिजेरा' या नावाची गोचीड त्यात प्रमुख. तिच्या आयुष्यात डिंभ, कुमार आणि प्रौढ अशा तीन अवस्था असतात, व प्रत्येक अवस्थेत तिला एकेकदा रक्त प्यावे लागते. डिंभावस्थेत घेतलेला विषाणू पुढील अवस्थेत तिच्या अंगात टिकून राहतो. पावसाळा सरला की डिंभ बाहेर पडतात. आणि पुढे कोरड्या महिन्यांत तिळाएवढ्या आकाराच्या कुमार गोचिडी पाचोळ्यात व गवतावर वाट पाहत असतात. माणसाला चावते ती मुख्यतः हीच. म्हणूनच हा ताप डिसेंबरापासून मे महिन्यापर्यंत येतो आणि पावसाबरोबर ओसरतो. सरपणाला, पाचोळा गोळा करायला आणि काजू वेचायला माणसे रानात जातात तेही याच महिन्यांत.

मग माकडाचे स्थान कोणते? माकड हे या रोगाचे कारण नव्हे, बळी आहे. त्यालाही गोचीडच चावते. मात्र त्याच्या रक्तात विषाणू फार वाढतो, आणि ते मरून पडले की त्याच्या अंगावरील रक्त प्यालेल्या गोचिडी तेथेच गळून पडतात. त्या जागी गेलेल्या माणसास रोग होण्याचा धोका सर्वांत मोठा. याचा अर्थ असा की मेलेले माकड ही रानाने दिलेली धोक्याची घंटा आहे. रोगाच्या भयाने माकडांना मारणे, हाकलणे अथवा मृत माकडास उघड्या हातांनी उचलून फेकणे म्हणजे धोका आपणहून ओढवून घेणे होय. तसेच माणसापासून माणसास हा रोग होत नाही. रोग्याची शुश्रूषा करणाऱ्या आईला किंवा पत्नीला त्याच्या श्वासाचे वा स्पर्शाचे भय बाळगण्याचे कारण नाही. शंभर रोग्यांत सामान्यतः ३ ते ५ दगावतात. बहुतेक जण योग्य शुश्रूषेने बरे होतात, जरी अशक्तपणा कित्येक आठवडे राहतो.

तर मग १९५७ पूर्वी जो रोग कोणास ठाऊक नव्हता, तो एकाएकी उफाळला का? कोलंबियातून आलेले संशोधक जॉर्ज बोशेल यांनी १९६९ साली याचे उत्तर पक्ष्यांत न शोधता जमिनीवर शोधले. लोकसंख्या वाढली, रान तोडून शेते व वस्त्या आत शिरल्या, आणि वस्तीबरोबर गुरे रानात चरू लागली. प्रौढ गोचिडीला रक्त हवे असते ते मोठ्या जनावराचे. पूर्वी ते तिला क्वचित मिळे. आता गाईगुरांच्या रूपाने रोज दारात आले. गुरांमुळे विषाणू वाढत नाही, पण गोचिडी अफाट वाढतात. जो विषाणू रानाच्या पोटात निवांत फिरत होता, त्याच्या वाटेवर आपणच जाऊन उभे राहिलो.

१९८३ च्या सुमारास दक्षिण कन्नड जिल्ह्यातील बेळतंगडी तालुक्यात याचे दारुण प्रत्यंतर आले. काजूच्या लागवडीसाठी तेथील जुने अरण्य तोडण्यात आले, आणि पाठोपाठ या रोगाची आजवरच्या मोठ्यांपैकी एक साथ आली. दीड हजारांच्या आसपास माणसे आजारी पडली. तेथील गावकऱ्यांची धारणा अशी होती की रान तोडल्यामुळे रानाचे रक्षण करणारे भूत कोपले आहे. शिकलेल्या माणसाने यावर हसावे हे सोपे आहे. परंतु क्षणभर थांबून विचार केला तर काय दिसते? माकडे आधी मरतात, हे १९५७ साली खेडुतांनीच सांगितले. ते खरे ठरले. रान तोडल्याने रोग आला, हेही खेडुतांनीच सांगितले. तेही खरे ठरले. भुताच्या जागी गोचीड ठेवली की शास्त्राचे आणि त्यांचे म्हणणे फारसे वेगळे राहत नाही. मात्र हा एक शब्द बदलणे अत्यावश्यक होते, कारण भुताला बळी देऊन गोचीड चावायची थांबत नाही.

यानंतर हा रोग सह्याद्रीच्या रांगेने दोन्ही दिशांना आढळू लागला. २०१२-१३ मध्ये तो बंडीपूर, निलगिरी व वायनाडच्या बाजूस दिसला. २०१५ साली गोव्यातील सत्तरी तालुक्यात पाळी गावी आला. २०१६ साली सिंधुदुर्गातील दोडामार्ग तालुक्यात आणि नंतर सावंतवाडी तालुक्यात पोचला. गोव्याच्या काजूबागांत मजुरीस गेलेल्या बेळगावकडील कामगारांनाही तो झाला. त्यांच्या गावी परतल्यावर लोकांना वाटले असेल की रोग यांच्याबरोबर आला. वस्तुतः रोग बागेतल्या पाचोळ्यात राहिला होता. त्यांच्याबरोबर आला होता तो केवळ ताप.

प्रतिबंधक लसीचीही कथा बोधप्रद आहे. प्रारंभी रशियन रोगावरील लस येथे देऊन पाहिली. ती उपयोगी पडली नाही. पुढे याच विषाणूपासून लस तयार झाली व कर्नाटकात वर्षानुवर्षे टोचली गेली. परंतु तिचे संरक्षण अपुरे ठरले आणि २०२२ साली तिचा वापर थांबविण्यात आला. एखादा उपाय निष्फळ ठरला हे मान्य करणे म्हणजे शास्त्राचा पराभव नव्हे; ते लपविणे हा मात्र पराभव ठरला असता. त्यामुळे गावकऱ्याच्या हाती जे उरते ते साधे, स्वस्त आणि ज्ञानावर उभे असलेले आहे : रानात जाताना अंगभर कपडे घालावेत, उघड्या अंगाला गोचीडनाशक तेल लावावे, परतल्यावर गरम पाण्याने स्नान करून कपडे धुवावेत, हंगामात रानातला पाचोळा घरी व गोठ्यात आणू नये, आणि मेलेले माकड दिसताच त्यास न शिवता आरोग्यकेंद्रास कळवावे.

पीतज्वराचा डास, सायबेरियाचा पक्षी, परक्या सैन्याचा कट, रानातले भूत आणि शेवटी बिचारे माकड. साठ-पासष्ट वर्षांत या रोगाच्या दोषाचे माप इतक्यांच्या पदरात घातले गेले. यांतील प्रत्येक भीतीत काही ना काही तथ्याचा कण होता, म्हणूनच ती इतकी टिकली. भीतीची निर्भर्त्सना करून ती जात नाही. तिच्यातला तो कण निवडून हाती द्यावा लागतो. हे काम जितके वैद्याचे आहे तितकेच शिक्षकाचे आहे, कारण पाचोळ्यात खेळणारी मुले प्रथम त्याच्यापुढे बसतात, आणि तो बोलतो त्यांच्याच भाषेत. नाव बदलणे आता आपल्या हाती नाही. 'माकडताप' हाच शब्द रूढ राहील. परंतु तो शब्द उच्चारताना मुलाने झाडावर न पाहता पायाखाली पाहावे, एवढे जरी आपण शिकवू शकलो तरी पुष्कळ साधले.