नाट्यसंगीत
मराठी संगीत नाटकांतील पदांच्या गायनातून घडलेला, रागाधारित पण लोकप्रिय गानप्रकार.

अण्णासाहेब किर्लोस्करांच्या 'संगीत शाकुंतल'पासून (१८८०) याचा प्रारंभ मानतात. आरंभीची पदे साकी, दिंडी, अंजनीगीत व लावणीच्या चालींवर, कीर्तनाच्या वळणाने (पहा : कीर्तन) बांधलेली असत, गाणे कथानक पुढे नेई. विसाव्या शतकारंभी हे स्वरूप पालटले. 'मानापमान'मध्ये (१९११) गोविंदराव टेंबे यांनी ठुमरी-गझलच्या अंगाच्या चाली आणल्या, तर भास्करबुवा बखले यांनी 'स्वयंवर'मध्ये (१९१६) ख्यालातील बंदिशींचा आधार घेतला.

मोजका आलाप, बोल-ताना, शब्दोच्चारातील स्पष्टता आणि ऑर्गन, सारंगी व तबल्याची साथ ही याची वैशिष्ट्ये होत. पसंतीच्या पदांना 'वन्स मोअर' मिळे. त्यामुळे नाट्यप्रयोग लांबे. याउलट, ध्वनिमुद्रिकेच्या एका बाजूस जेमतेम तीन मिनिटे मिळत. तेवढ्यात पद आटोपशीर बसवावे लागे. बालगंधर्व, केशवराव भोसले व दीनानाथ मंगेशकर यांच्या गायकीचे वेगवेगळे ढंग रूढ झाले.

नाट्यसंगीतामुळे रागसंगीत मैफलीबाहेरील श्रोत्यांपर्यंत पोहोचले. मराठी बोलपटांच्या (१९३२ पासून) स्पर्धेत नाटकमंडळ्या खचल्या. याच काळात 'आंधळ्यांची शाळा' (१९३३) या नाटकात केशवराव भोळे यांनी मोजकी, भावगीतवळणाची पदे योजली (पहा : भावगीत).