दिल्लीच्या भिंतीवर फोटो उशिरा का चढला?

एरवी मी इथे लढायांबद्दल बोलतो, आज फोटोंबद्दल बोलणार आहे. “मी फोटो काढतो, दिल्लीत प्रदर्शन भरवलं तर विकले जातील का?” असं बरेच जण विचारतात. हॉलचं भाडं किती, फ्रेम कुठे करून घ्यायची, ही माहिती चार फोन केले की मिळते. पण चित्राची किंमत लाखभर सांगितली तर मान डोलावणारा माणूस फोटोला पाच हजार म्हटलं की “एवढे?” का विचारतो, हे समजायला थोडं मागे जावं लागतं.

दिल्लीत फोटोचा धंदा जुना आहे. उठाव मोडल्यावर १८५८ मध्ये फेलिस बिआटो इथे आला आणि त्याने लढाईत फुटलेला काश्मिरी दरवाजा टिपला. त्याचे फोटो घेणारे मुख्यतः इंग्रज अधिकारी होते. आल्बममध्ये चिकटवून मायदेशी न्यायचे, “मी तिथे होतो” याचा पुरावा म्हणून. पुढे आले लाला दीनदयाळ. जन्म मेरठजवळच्या सरधन्याचा, शिक्षण रुरकीला, नोकरी इंदुरात बांधकाम खात्यात. तुकोजीराव होळकरांनी त्यांना हात दिला. मग हैदराबादच्या निजामाचा आश्रय मिळाला आणि १८९६ मध्ये मुंबईत स्टुडिओही झाला. पैसा आला तो राजेरजवाड्यांकडून आणि साहेबलोकांकडून. फोटो आपल्याकडे विकला गेला तो असा, कुणाची तरी आठवण किंवा नोंद म्हणून. आमच्या फौजेच्या मेसमध्ये भिंतभर जुने ग्रुप फोटो असतात. खुर्चीवर कोण बसलंय हे सगळे सांगतात, फोटो कुणी काढला हे कुणीच विचारत नाही.

स्वातंत्र्याच्या काळात ही जागा वर्तमानपत्रांनी घेतली. होमाई व्यारावाला मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकल्या. ‘बॉम्बे क्रॉनिकल’कडून त्यांना सुरुवातीला एका फोटोचा एक रुपया मिळे. १९४२ मध्ये त्या दिल्लीत आल्या, सत्तांतराचा सगळा सोहळा त्यांनी टिपला आणि १९७० मध्ये कॅमेरा खाली ठेवला. दिल्लीच्या राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयात त्यांचं मोठं प्रदर्शन भरलं ते २०१० मध्ये. चाळीस वर्षांनी! तेव्हा बाईंचं वय होतं शहाण्णव.

कुलवंत रॉय यांची गोष्ट तर याहून जिव्हारी लागणारी आहे. लुधियानाकडचा हा माणूस लाहोरच्या एका स्टुडिओत शिकला आणि रॉयल इंडियन एअर फोर्समध्ये हवाई छायाचित्रणाचं काम करून आला. दिल्लीत मोरी गेटला त्यांनी स्वतःची फोटो एजन्सी काढली. गांधीजींबरोबर तिसऱ्या वर्गाच्या डब्यातून हिंडले. १९५८ च्या सुमारास ते जगप्रवासाला निघाले. तीन वर्षं भटकले आणि वाटेत काढलेल्या निगेटिव्ह टपालाने दिल्लीला पाठवत राहिले. परत येऊन पाहतात तर पाकिटं चोरीला गेलेली. दिल्लीतले उकिरडे त्यांनी अनेक दिवस धुंडाळले म्हणतात. हाती काही लागलं नाही. चोरणाऱ्याला त्या फिल्मची काय किंमत आली असेल?

१९८४ मध्ये रॉय वारले. उरलेल्या पेट्या ते आदित्य आर्य या तरुण छायाचित्रकाराकडे सोपवून गेले. पेट्या कित्येक वर्षं तशाच पडून होत्या. नीट उघडल्या तेव्हा आतून फाळणीपूर्वीच्या वाटाघाटी, नेहरू, जिना, पटेल असा सगळा काळ बाहेर आला. याच आर्यांनी पुढे गुरुग्रामला म्युझिओ कॅमेरा उभं केलं, २०१९ मध्ये. इकडे कधी आलात तर अर्धा दिवस काढून जा.

मग दिल्लीत गॅलऱ्या नव्हत्या का? होत्या की! रफी मार्गावरची आयफॅक्स ही संस्था १९२८ ची. मंडी हाऊसला ललित कला अकादमी आणि जवळच त्रिवेणी कला संगम. पण या भिंती मुख्यतः चित्रांच्या. त्रिवेणीच्या तळघरात १९७७ मध्ये इब्राहिम आणि रोशन अल्काझींनी आर्ट हेरिटेज सुरू केली. अल्काझी जन्माने पुण्याचे, नाटकवाले म्हणून आपल्याला माहीत आहेत. त्यांनी जुने फोटो हजारोंनी जमवले. भंगारात जाणारी वस्तू जपून, नोंद करून, पुस्तकात छापली की तिला मोल येतं, हे त्या संग्रहाने दाखवलं. होमाईंच्या प्रदर्शनामागेही अल्काझी फाउंडेशन होतं.

फोटोसाठीच म्हणून फोटोइंक ही गॅलरी दिल्लीत २००८ मध्ये उघडली. तिथे २०१२ ला मदन महत्तांचे फोटो लागले. कॅनॉट प्लेसच्या महत्ता स्टुडिओच्या घराण्यातले हे गृहस्थ. वास्तुविशारदांसाठी त्यांनी नव्या दिल्लीच्या इमारती टिपल्या होत्या. एके काळी कामाची मजुरी घेऊन दिलेले फोटो आता कलाकृती म्हणून भिंतीवर आले. इथली मेख अशी की एका निगेटिव्हवरून हव्या तेवढ्या प्रती निघतात, म्हणून गॅलरीसाठी छायाचित्रकार शब्द देतो: एवढ्याच प्रती काढीन, प्रत्येकीवर क्रमांक आणि सही असेल. गिऱ्हाईक पैसे मोजतं ते बरंचसं या शब्दाचे. तो मोडलात तर पुढची प्रत कुणी घेणार नाही.

गॅलरी विक्रीतला बराच वाटा घेते, अनेकदा निम्मा. भाड्याच्या हॉलमध्ये विक्रीचे पैसे तुमचे, पण भाडं, छपाई, फ्रेम सगळं पदरचं. नवख्याने विक्रीचा हिशेब धरून हॉल घेऊ नये, असं माझं मत. तिसरी वाटही आहे. २०११ च्या दिल्ली फोटो फेस्टिव्हलमध्ये इंडिया हॅबिटाट सेंटरच्या मोकळ्या आवारात फोटो लागले, येणारे-जाणारे थांबून बघत होते. दिल्लीच्याच दयानिता सिंग यांनी तर पुस्तकालाच प्रदर्शन केलं. त्यांच्या ‘सेंट अ लेटर’ची घडीची पुस्तकं कोलकात्यात एका जवाहिऱ्याच्या दुकानाच्या काचेत मांडली होती.

आता कायद्याचं. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात फोटो ही कलाकृतीच आहे. पण पैसे घेऊन दुसऱ्याच्या सांगण्यावरून काढलेल्या फोटोचा पहिला मालक, वेगळा करार नसेल तर, पैसे देणारा. म्हणून लग्नातले फोटो प्रदर्शनात लावण्याआधी यजमानांची लेखी संमती घ्या. शिवाय याच कायद्याचं कलम ५३अ पाहा. चित्र, शिल्प किंवा रेखाटनाची मूळ प्रत दहा हजारांच्या वर पुन्हा विकली गेली, तर कलावंताला त्यात वाटा मागता येतो. त्या यादीत फोटो नाही. हे कलम आलं १९९४ च्या दुरुस्तीत, म्हणजे रॉय जाऊन दहा वर्षं झाली होती आणि त्यांच्या पेट्या अजून बंद होत्या.